कॅमेरा बंद, आवाज चालू

मार्च संपत आला की आमच्या शहरात पत्र्याचे कूलर बाहेर निघतात. वर्षभर गच्चीवर नाहीतर पलंगाखाली पडलेले ते डबे अंगणात येतात, जाळ्यांतलं काळं पडलेलं गवत उपसलं जातं आणि नवं भरलं जातं. त्या नव्या गवतावर पहिलं पाणी पडतं तेव्हा एक ओला, लाकडी वास सुटतो. छत्रपती संभाजीनगरात तो परीक्षेचा वास आहे. दुसऱ्या गावांत परीक्षा कशावरून ओळखतात मला माहीत नाही. इथं कूलर सुरू झाला की पोरं पुस्तकं उघडतात.

यंदा तो वास आला तेव्हा मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते. मी आता कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. पुढच्या जूनमध्ये आपण तिथं असू की नाही हे या तत्त्वात कुणी सांगत नाही. माझ्याकडचा एक विषय सगळाच ऑनलाइन आहे. परवा स्टाफरूममध्ये बैठक झाली. अंतर्गत गुणांसाठी प्रत्येक विद्यार्थ्यानं कॅमेऱ्यासमोर बसून बोलायचं आणि बोलताना त्याचे डोळे पडद्यावरून किती वेळा हलले हे मोजणारं एक सॉफ्टवेअर घ्यायचं, असा विचार मांडला गेला. माना डोलत होत्या. मी हात वर केला.

"बोला," विभागप्रमुख म्हणाले.

"सर, ज्याच्या फोनचा कॅमेराच फुटलाय त्याचे डोळे कसे मोजणार?"

"असे किती असतील हो?"

"एक असला तरी तो वर्गातलाच ना?"

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "झालं. आता या पत्रक काढणार." सगळे हसले. मीही हसले. बोलणाऱ्याला वाटलं त्यानं चिमटा काढला. मला ती माझी ओळख करून दिल्यासारखी वाटली.

कारण मी पत्रकांच्याच घरात वाढले. आमचे आण्णा दिवसा वर्कशॉपमध्ये फिटर आणि संध्याकाळी चळवळीचे. वस्तीतल्या नळापासून शिष्यवृत्तीपर्यंत जिथं अन्याय दिसेल तिथं आण्णांचं पत्रक पोचायचं. गुलाबी, पिवळा, पोपटी, पातळ कागद. एप्रिलमध्ये जयंती जवळ आली की घरात गठ्ठ्यांना जागा आधी आणि आम्हाला नंतर. आमच्या वह्यांना पत्रकांची कव्हरं, शेंगांची टरफलं पत्रकात, कपाटातल्या साड्यांखाली पत्रकं. मी वाचायला शिकले ते 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. पहिल्या ओळीत त्याच्यापुढे एक उद्गारचिन्ह, दुसरीत दोन, तिसरीत तीन. मला लहानपणी वाटायचं, जगातलं सगळं लिहिणं असंच सुरू होतं.

आण्णा मजकूर लिहून झाला की आईला उभं करून वाचायला लावायचे. "बसून नको," म्हणायचे. "पत्रक उभ्या माणसाच्या हातात पडतं. त्याच्या दुसऱ्या हातात सायकल असती. दोन्ही हात लागले तर ते त्याच्यासाठी नाही." आई वाचताना अडखळली की तो शब्द जायचा. कितीही भारी असला तरी जायचा. शिकवण्याविषयी मी नंतर बरीच पुस्तकं वाचली, पण एका हातात सायकल धरलेल्या त्या माणसाइतकं स्पष्ट मला कुणी काही सांगितलं नाही.

हे सगळं मला नीट कळलं ते कॉलेजं बंद होती त्या वर्षीच्या उन्हाळ्यात. बी.ए.चं शेवटचं वर्ष आणि सगळा वर्ग फोनमध्ये.

त्या वर्गाचा आवाज मला अजून ऐकू येतो. कुणीही माइक सुरू केला की आधी त्याच्या घरातला कूलर बोलायचा. घर्रर्र. मग मागून प्रेशर कुकर, गल्लीतला खरबूजवाला, कुणाची तरी आजी "कुणाशी बोलतीस गं इतका येळ" असं विचारणारी. आणि अधूनमधून ती आरोळी, जिच्यापुढे या शहरात कुठलाच विषय टिकत नाही: "पाणी आलं!" आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या भागाची पाळी असेल त्या भागातले चेहरे पटापट विझायचे. समाजशास्त्राच्या देशपांडे मॅडम बोलता बोलता थांबायच्या, "कुठं आलं? उस्मानपुऱ्यात का? या जाऊन." एकदा त्या स्वतःच म्हणाल्या, "मुलांनो, मोटार लावून येते. आमच्याकडेही आलंय." परत आल्या तेव्हा साडीचा पदर ओला होता. त्या दिवसापासून मला त्या आवडू लागल्या, जरी पुढे मी त्यांच्याविरुद्ध लिहिलं तरी.

सुरुवातीचे दिवस व्हिडिओचे होते आणि ते वाया गेले. मॅडम फळ्यासमोर उभ्या, तोंड उघडं, आणि चित्र तिथंच थिजलेलं. "मॅडम अटक गई," असं खुलताबादहून इरफान लिहायचा. खुलताबादच्या टेकडीवर त्याचं घर, खाली त्यांचं खेळण्यांचं दुकान. जत्रा-उरूस बंद असल्यामुळे ते दुकानही थिजलेलंच होतं. मॅडम हुशार. त्यांनी आठवडाभर पाहिलं आणि व्हिडिओ सोडून दिला. मग सकाळी ग्रुपवर त्यांचा आवाज यायचा, चहा पिऊन होईल एवढ्याच लांबीचा. त्यासोबत वहीच्या पानाचा एक फोटो, त्यावर त्यांच्या गोल अक्षरातली आकृती. बस. तो आवाज कांदे चिरताना ऐकता यायचा, शेतात ऐकता यायचा, परत परत ऐकता यायचा. मी आण्णांना ऐकवला. ते म्हणाले, "ही बाई पत्रक काढू शकती."

आणि मग आलं ते एकत्र लिहायचं पान. मॅडमनी एक लिंक पाठवली. ती उघडली की सगळ्यांना एकच पान दिसायचं आणि सगळ्यांना त्यावर लिहिता यायचं, एकाच वेळी. जो लिहीत असेल त्याची एक रंगीत उभी रेघ लुकलुकायची, कर्सर, आणि त्याच्या डोक्यावर नावाची बारकी पाटी. पण फोन कुठं आमचे होते? फोन घराचे होते. त्यामुळे पाट्यांवर आमची नावं नसायचीच. इरफान लिहायला आला की पाटीवर 'अब्बू' यायचं. माझी पाटी 'वर्कशॉप आण्णा'. कुणी 'राजू रिचार्ज', कुणी 'मम्मी २'. पहिल्या दिवशी त्या पानावर जणू सगळ्यांचे आईबाप समाजशास्त्र शिकायला आले होते.

पहिल्यांदा मॅडमनी सांगितलं, "या पानावर गटानं मिळून एक परिच्छेद लिहा." आम्ही कधी कुणासोबत एका कागदावर लिहिलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून काढलेला एकच कागद माहीत होता, पत्रक. आणि पत्रकाखाली काय असतं? 'आपले नम्र' आणि त्याखाली नावं. दुपारपर्यंत चार ओळींचा मजकूर आणि त्याखाली पानभर नावं झाली. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या घरी तेच संस्कार. कुणीतरी आपल्या नावापुढे 'माजी उपाध्यक्ष' असंही लिहिलं होतं. नाव वर कुणाचं यावर भांडण लागलं ते वेगळंच. मॅडमचा आवाज आला, हसू दाबलेला: "हा परिच्छेद आहे की सभा? नावं काढा आणि एकमेकांची वाक्यं दुरुस्त करा." नावं काढली. दुसऱ्याच्या वाक्याला हात लावायला मात्र कुणी तयार होईना. कुणाच्या ताटात हात घातल्यासारखं वाटायचं ते.

आमच्या गटात आम्ही तिघं होतो. मी, इरफान आणि बिडकीनची मंगल. मंगल आमच्यापेक्षा थोडी मोठी, लग्न झालेली, दीड-दोन वर्षांचं लेकरू. बाळंतपणात तिचं एक वर्ष गेलं होतं. सासरी परत नाव घालायची परवानगी मिळाली ती सासूच्या एका अटीवर, आणि ती अट तिनं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगून टाकली.

"आत्याबाई म्हणल्यात, यंदा निघाली तर निघाली. नाय निघाली तर पुस्तकं बांधून माळ्यावर आन् तू कंपनीच्या कँटीनला."

"निघशील गं," मी म्हणाले.

"निघंन. फक्त मधी काय आडवं यायला नको."

आडवा आला तो कॅमेरा. अंतर्गत गुणांसाठी 'माझा परिसर' या विषयावर प्रत्येकानं स्वतः बोलतानाचा व्हिडिओ द्यायचा, चेहरा सबंध वेळ दिसला पाहिजे, असा कॉलेजचा नियम मॅडमनी सांगितला. नियम काही उगाच नव्हता. आधीच्या चाचणीत एका मुलाच्या जागी त्याचा भाऊ बोलून गेला होता आणि कॉलेजात त्यावरून बरंच झालं होतं. पण मंगलच्या घरी फोन एकच, तिच्या नवऱ्याचा. तो कामावरून आला की दुपारी तिच्या हातात यायचा, आणि त्याचा पुढचा कॅमेरा लेकरानं ओट्यावर आपटून केव्हाच आंधळा केलेला. चेहरा धरला की निळसर धुकं दिसायचं. मागच्या कॅमेऱ्यानं नवऱ्याकडून तिनं व्हिडिओ काढून घेतला, तर तो बिडकीनमधून हलेना. गोल चक्र फिरत राहायचं आणि मग 'पाठवता आलं नाही'. ती गच्चीवर गेली, पाण्याच्या टाकीवर चढली, फोन उंच धरून उभी राहिली. चक्रच.

"दूसरे किसीका फोन ले ना," इरफान म्हणाला.

"कुणाचा घिऊ? सगळी गल्ली माझ्यावानीच हाय."

जे जात होतं ते ती पाठवू लागली. आवाज जायचा. फोटो जायचा. बिडकीनच्या आसपासची पुष्कळ जमीन कंपन्यांसाठी गेली आहे. रुंद रस्ते झाले, दिव्यांचे खांब लागले, प्लॉटना आकडे पडले. मंगलनं गच्चीच्या सिमेंटवर खडूनं नकाशा काढला: ओढा, विहीर, पांद, म्हणजे शेतांत जायची ती अरुंद वाट. टाकीवर उभं राहून मागच्या कॅमेऱ्यानं त्याचा फोटो काढला. मग गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांना ती एकच विचारत गेली, तुमच्या शेताला काय म्हणायचे? कारण त्या शेतांना आकडे नव्हते, नावं होती. चिंचेचं. पांदीवरचं. लवणातलं, म्हणजे खोलगट जागेतलं. एकाचं नाव भांडणाचं, कारण ते कुणाचं हेच ठरलं नव्हतं. प्रत्येकीचं बोलणं तिनं रेकॉर्ड केलं. इरफाननं तो फोटो आमच्या पानावर चिकटवला, त्याच्यावर बारक्या चौकटी ठेवल्या, चौकटीत शेताचं नाव, आणि नावाला हात लावला की त्या बाईचा आवाज.

पुढचं आम्ही ठरवलं नव्हतं. मंगल दुपारी म्हाताऱ्यांना एकमेकींचे आवाज ऐकवू लागली आणि म्हाताऱ्या पेटल्या. मला ती रेकॉर्डिंगं पाठ आहेत.

"कोण म्हनलं पांद वढ्याला लागती म्हून? आधी आंबा लागतो."

"आंबा कवाच तोडला की गं."

"तोडला म्हून काय नव्हता का?"

"व्हता. पर इकडं नाय, तिकडं."

"तुला काय म्हाईत, तू तर लगीन हून आली."

"आन् तू काय इहिरीतून निघाली व्हय?"

दुसऱ्याच्या वाक्याला हात लावायला आम्ही कॉलेजची पोरं बिचकत होतो. या बायांनी नकाशाला असा हात घातला की ओढा दोनदा वळला आणि पांद जागेवरून हलली. मंगल गच्चीवर पुसायची, काढायची, परत फोटो. इरफान दुकानाच्या ओट्यावर बसून चौकटी सरकवायचा. मी घरी कूलरच्या तोंडाशी बसून ऐकलेलं टाइप करायची. तीन गावांत तीन माणसं आणि मध्ये एक पान. कुठलंही महागडं काही नाही. एक फोटो, काही आवाज आणि सगळ्यांना लिहिता येईल अशी जागा. आजही कुणी माझ्यापुढे शिक्षणातल्या नव्या साधनांची चकचकीत चित्रं दाखवतं तेव्हा मला ती खडूची रेघ दिसते आणि मी निर्धास्त असते. वर्गातला शेवटचा माणूस ज्यात येऊ शकतो ते साधन चांगलं. त्याला बाहेर ठेवणारं साधन कितीही झगमगो, ते वर्गाचं नाही. याच्याखाली मी कधीही सही करीन.

पण नियम चेहऱ्याचा होता. व्हिडिओ नाही तर गुण नाहीत, गुण नाहीत तर विषय सुटत नाही, आणि विषय सुटला नाही तर पुस्तकं माळ्यावर. मुदत आली तेव्हा मंगलचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. "जाऊ द्या. तुमचं तुमचं पाठवून द्या. माझ्यापायी तुमचं कशाला?"

माझं डोकं फिरलं. मी आण्णांची मुलगी. मी पान उघडलं, नकाशाच्या खाली जागा केली आणि लिहिलं: जाहीर निषेध! खाली: जाहीर निषेध!! खाली: जाहीर निषेध!!! आणि मग मजकूर. चेहरा दाखवण्याची सक्ती ही ज्यांच्याकडे चांगला फोन आहे त्यांच्या सोयीची सक्ती आहे. ज्ञान गालावर दिसत नाही. आवाज, फोटो, लेखन, ज्याला जे शक्य त्यातून त्याचं काम तपासावं. अन्यथा आम्ही सर्व विद्यार्थी आमचेही व्हिडिओ मागे घेऊ. लिंक मी वर्गाच्या ग्रुपवर टाकली आणि पाट्या जमू लागल्या. अब्बू आले, राजू रिचार्ज आला, मम्मी २ आली. यावेळी कुणी बिचकलं नाही. माझ्या वाक्यात वाक्यं घुसली. कुणी 'सक्ती' काढून 'जुलूम' केलं, कुणी परत 'सक्ती' केलं. मंगलही आली. तिची पाटी 'संतोष नवीन'. तिनं 'जुलूम' बघून लिहिलं, "एवढं नको." मी 'जुलूम' पुसून 'सक्ती' ठेवलं.

या गर्दीत एक 'चिनू' होता. कुणाच्या तरी धाकट्या भावाचा फोन असणार. त्यानं समासात लिहिलं: "काम तपासण्याची मागणी समजली नाही. स्पष्ट करा."

मी लिहिलं: "चिनू, तू गप बस. मोठ्यांचं चाललंय."

चिनू म्हणाला: "चेहरा नको हे समजलं. मग काम त्याच विद्यार्थ्याचं आहे हे ओळखायचं कसं? याचं उत्तर पत्रकात नाही."

प्रश्न बरोबर होता आणि म्हणून मला राग आला. "वर नकाशा आहे. तो ऐक. सगळा ऐक. मग बोल."

चिनूचा कर्सर वर गेला. चिंचेच्या शेतावर थांबला. मग पांदीवर. मग विहिरीवर. आमची वाक्यांची मारामारी चालू होती आणि तो तिकडे एकेका नावापाशी उभा राहत होता. बऱ्याच वेळानं तो खाली आला आणि त्यानं लिहिलं: "मंगलला उद्या दुपारी फोन करते. साधा फोन. कॅमेरा नको. गटातल्या दोघांनीही फोनवर असावं. देशपांडे."

पानावरचे सगळे कर्सर जागच्या जागी थांबले. मग एकेक पाटी गुपचूप नाहीशी झाली. ग्रुपवर इरफानचा आवाज आला, हसावं की रडावं अशा सुरात: "अगे प्रज्ञा, ये चिनू तो मॅडमइच निकली! तू मॅडम को गप बस बोली!"

मॅडमचा लॅपटॉप बिघडला होता आणि त्या लेकीच्या टॅबवरून शिकवत होत्या. चिनू त्यांची लेक. म्हणजे फोन घराचा असणं ही काही फक्त आमची गोष्ट नव्हती. आणि ते पान तर त्यांनीच उघडून दिलेलं. ज्यांच्याविरुद्ध पत्रक लिहायचं त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच देखत आम्ही ते लिहिलं होतं.

मी आण्णांना सांगितलं. मला वाटलं ते कपाळाला हात लावतील. ते म्हणाले, "मग चुकलं काय? पहिला कागद ज्याच्याविरुद्ध आहे त्यालाच द्यायचा असतो. पाठीमागं वाटत फिरायचा नसतो. पोचला ना?"

"पोचला."

"मग झालं. आता ऐकायची तयारी ठेव."

मी आज टेबलाच्या पलीकडे बसते तेव्हा हे दोन्ही माझ्यासोबत असतात, ते पत्रक आणि चिनूचा प्रश्न. नुसतं पत्रक असतं तर मी भांडकुदळ झाले असते. नुसता प्रश्न असता तर मीही कॅमेऱ्याच्या बाजूनं हात वर केला असता. परवाच्या बैठकीनंतर विभागप्रमुखांनी मला थांबवून विचारलं, "ठीक आहे, कॅमेरा नाही. मग ओळखणार कसं?" त्यांना उत्तर खरंच हवं होतं. मी म्हणाले, "सर, फोन करून. मुलानं केलेलं काम समोर ठेवायचं आणि ज्यानं ते केलं त्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारायचं. त्याला वेळ लागतो. पण सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कळतं." माझ्या वर्गापुरती त्यांनी परवानगी दिली. पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांसाठी घेईन. हे मला शिकवलं ते त्या दुपारच्या फोननं.

दुपार होती. संतोष कामावरून आला होता, फोन मंगलच्या हातात होता. फोनवर मॅडम, मंगल, इरफान आणि मी. पान चौघांसमोर उघडं. मंगलच्या मागे कूलर चालू होता आणि तिचं लेकरू काहीतरी पत्र्यावर बडवत होतं.

"मंगल, सुरुवात कुठून केलीस? ओढ्यापासून का विहिरीपासून?"

"इहिरीपासून मॅडम. ओढा ज्येची त्येची आठवण वेगळी सांगती. इहीर सगळ्यांची एक."

"आंब्यावरून दोघींचं पटलं नाही. तू कुणाचं खरं धरलंस?"

"दोघींचं ठिवलं. दोन्ही आवाज हायत तिथं. मी कोण ठरवनार?"

मॅडमचं पेन कागदावर घासल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "आता एक विचारते. नकाशात उजव्या हाताला, ओढ्याच्या पलीकडे, एवढी मोठी जागा कोरी आहे. तिथं कुणाचं शेत नव्हतं?"

ती जागा माझ्या लक्षातच आली नव्हती. इतके दिवस मी त्या पानावर होते आणि मला तिथं काही नाही एवढंच दिसलं होतं.

"व्हतं," मंगल म्हणाली.

"मग नाव का नाही?"

"ज्यांचं व्हतं त्यांनी सांगितलं नाय. न सांगितलेलं मी लिवलं नाय."

"कुणाचं ते तुला माहीत आहे?"

"हौ."

"तरी सांगणार नाहीस?" मॅडमचा आवाज कडक नव्हता, पण त्यांना उत्तर हवं होतं. "मंगल, हा गुणांचा प्रश्न आहे. नकाशा अपुरा का, हे मला कुणीतरी विचारणारच."

कूलर घर्रघर्र करत राहिला. लेकरानं पत्रा बडवायचा थांबवला. मला ओरडावंसं वाटत होतं, सांग गं बाई, एक नाव सांग आणि मोकळी हो.

"नाय सांगणार मॅडम," मंगल म्हणाली. "तुम्ही काय ते लिवा."

तेवढ्यात फोनपासून थोडं लांबून एक आवाज आला. खरखरीत, वय झालेला. "आन इकडं तो फोन." काहीतरी खुडबुडलं. मग तो आवाज एकदम कानात आला, ओरडून, जणू बिडकीनपासून संभाजीनगरपर्यंत फोनशिवायच पोचवायचा होता.

"कोन, मॅडम का?"

"हो आजी, मी मॅडम."

"ती जागा आमची हाय. मी हिची सासू. मीच म्हनलं व्हतं, दुसऱ्यांचं लिव, आपलं लिवू नको. इकल्यावर नाव घिऊन काय करायचं? तोंड कडू व्हतं." त्या थांबल्या. "हिला समदं ठावं हाय. नवी नवरी व्हती तवा ह्याच वाटंनं माझी भाकर घिऊन यायची. डोक्यावर पाटी आन् पायात काटे. येक दिस बोलली नाय दुखतंय म्हून. आज बी बोलली नाय. लई टणक हाय."

"आजी," मॅडम हळूच म्हणाल्या, "त्या शेताला काय म्हणायचे?"

"उगवतीचं," आजी म्हणाल्या. "सूर्व्या आधी तिथं यायचा, मंग गावात." आणि मग फोनपासून तोंड वळवून, "लिव गं. आता काय बघती? लिव."

फोन तर आजींच्या कानाला होता. पान त्याच फोनवर उघडं. मंगलनं तो सासूच्या कानावरून उतरवून घेतला, आवाज मोठा केला आणि आम्ही तिघं आपापल्या पडद्यावर बघत राहिलो. 'संतोष नवीन' ची रेघ ओढा ओलांडून कोऱ्या जागेत गेली आणि तिथं एकेक अक्षर उमटलं. उगवतीचं.

"मंगल," मॅडम म्हणाल्या. "माझं विचारून झालं. तुझे गुण मी आजच भरते. व्हिडिओ का नाही, याचं उत्तर मी देईन. ते माझ्यावर सोड."

"व्हय मॅडम," मंगल म्हणाली. इरफान "मुबारक हो!" म्हणून ओरडला तेव्हा माझ्या कानठळ्या बसल्या.

"थांबा, थांबा," आजींचा आवाज परत आला, आता अधिकारानं. "गुनाचं भरा तुमचं. पर फोन ठिवू नका. उगवतीच्या बांधाला लागून गल्लीतल्या सोजरचं रान हाय. ते तुम्ही पार वर नेऊन घातलंय. सोजर ऐकंल तर जीव दिईल. खाली घ्या ते."

"किती खाली, आजी?" मॅडमनी विचारलं, आणि पानावर चिनूचा कर्सर सोजरच्या शेताला धरून हळूहळू खाली सरकू लागला.